अरुंद वाटेवरून पूर्ण मजकूर : विस्तृत जाळ्यासाठी संकोचन-यंत्राची निवड

प्रास्ताविक



जुन्या पिढीतील एखादे मराठी पत्र हाती आले, तर त्याचा आरंभ बहुधा ‘सा. न. वि. वि.’ असा झालेला दिसतो. लिहिणाऱ्याने चार अक्षरे लिहिलेली असतात. वाचणारा मात्र ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे पुरते वाचतो. मधल्या मध्ये काहीही गळत नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्याजवळ एकच कोश असतो, म्हणून हे घडते. ज्याच्याजवळ तो कोश नाही, अशा आजच्या तरुण वाचकाला तीच चार अक्षरे कोड्यासारखी वाटतात. तारेच्या काळातही हाच प्रकार होता. सणासुदीच्या शुभेच्छांची ठराविक वाक्ये क्रमांक देऊन ठेवलेली असत. तारेतून केवळ क्रमांक जाई आणि पोचणाऱ्या कागदावर पूर्ण वाक्य उमटे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. क्रमांकाच्या जागी वाक्य भरण्याची ती युक्ती मात्र आज संगणकाच्या जाळ्यांत अहोरात्र चालू आहे.

या घटकात आपण त्या युक्तीचे यांत्रिक रूप पाहणार आहोत. दूरदूरची कार्यालये जोडणाऱ्या जाळ्याच्या दोन टोकांना बसवायचे संकोचन-यंत्र कसे निवडावे, हा आपला विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला याचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आपल्यापैकी पुष्कळ जण तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत किंवा शाळेत काम करीत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. ‘मराठी मजकूर जड असतो, लाइनवर ताण येतो, नावे इंग्रजीतच भरा’ हे वाक्य आपण कामाच्या ठिकाणी कधी ना कधी ऐकलेले असेल. ते खरे आहे की खोटे, याचा निकाल भाषाभिमानाने लागणार नाही. त्यासाठी मजकूर तारेतून कसा जातो हे समजून घ्यावे लागेल.

भोर, वेल्हे आणि पुण्याकडची वाट

एका इमारतीतील संगणक परस्परांना जोडले की ते स्थानिक जाळे होते. तेथे वाट रुंद असते आणि तार आपल्या मालकीची असते. एका गावातील कार्यालय दुसऱ्या गावातील कार्यालयाशी जोडले की विस्तृत क्षेत्र जाळे सुरू होते. येथील वाट बहुधा भाड्याची असते, तिची रुंदी ठरलेली असते आणि रुंदी वाढवायची तर भाडे वाढते. केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी विस्तृत जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याचे मुख्यालय, जिल्ह्याचे मुख्यालय आणि तालुक्याचे मुख्यालय अशा तीन पायऱ्या तीत कल्पिल्या होत्या आणि प्रत्येक जोडणीची किमान क्षमता २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० लाख बिट, ठरवली होती. महाराष्ट्रातील ‘महास्वान’ हे जाळे याच योजनेतले.

कागदावर भोरची जोडणी आणि सपाटीवरच्या एखाद्या तालुक्याची जोडणी सारखीच दिसते. प्रत्यक्षात भोर नीरा नदीच्या काठी, सह्याद्रीच्या कुशीत आहे. येथून पुढे वरंधा घाटाने रस्ता कोकणात उतरतो. वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी आहे. तोरण्याची उंची सुमारे १,४०० मीटर, आणि शेजारी राजगड. या मुलखातून पुण्याकडे तारेने जायचे तर दरडी कोसळणाऱ्या वळणांच्या रस्त्याकडेने जावे लागते. बिनतारी दुवा उभारायचा तर दोन मनोऱ्यांना परस्पर दिसावे लागते, आणि मध्ये सिंहगड-भुलेश्वरची डोंगररांग आडवी येते. उपग्रहाचा मार्ग डोंगराला जुमानत नाही. पण जोराच्या पावसात त्याचे संकेत क्षीण होतात, आणि भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असल्याने एका प्रश्नाला उत्तर येण्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. थोडक्यात, येथे वाट रुंद करणे महाग आहे आणि आहे ती वाटही पावसाळ्यात भरवशाची नाही. अशा ठिकाणी आहे त्याच वाटेवरून अधिक मजकूर नेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे.

संक्षेप वेगळा, संकोचन वेगळे

पारिभाषिक शब्दाबद्दल येथे थोडे थांबू. ‘डेटा कॉम्प्रेशन’साठी काही जण ‘संक्षेपण’ लिहितात. मला तो शब्द येथे योग्य वाटत नाही. आपण पहिल्या वर्षी सारांशलेखन केले आहे. ३०० शब्दांच्या उताऱ्याचा १०० शब्दांत संक्षेप केला, तर त्या १०० शब्दांवरून मूळ उतारा पुन्हा जसाच्या तसा लिहिता येत नाही. काहीतरी टाकून दिलेले असते आणि काय टाकावे याच्या विवेकालाच आपण गुण देतो. सातबाऱ्याच्या बाबतीत असा विवेक कोणी दाखवू लागला तर अनर्थ होईल. तेथे मजकूर आखडून पाठवायचा आणि पलीकडे एकही अक्षर अधिक-उणे न होता पूर्ववत उलगडायचा असतो. यासाठी मी ‘संकोचन’ हा शब्द वापरतो. लाजाळूचे पान मिटते आणि पुन्हा उघडते, तसा त्याचा अर्थ घ्यावा.

योगायोगाची गोष्ट अशी, की भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. १९४८ मध्ये हे संस्थान विलीन झाले. अष्टप्रधानांतील सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, एक काम राजपत्रे तपासण्याचे होते: पत्रातील अक्षर वा मजकूर अधिक-उणा झाला असेल तर तो शुद्ध करूनच पत्र पुढे जावे. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका खरी असो वा नसो, एका अक्षराची किंमत मराठी माणसाला त्या आख्यायिकेमुळे पाठ झाली आहे. संकोचन-यंत्राकडून आपली पहिली अपेक्षा सचिवाच्या कामाचीच असते. छायाचित्रे, ध्वनी आणि चित्रफिती यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही पद्धतींत थोडा तपशील कायमचा टाकला जातो आणि डोळ्याला किंवा कानाला तो जाणवत नाही. जाळ्यावरच्या यंत्रात अशा पद्धतींना थारा नाही.

भाषेतील पुनरुक्ती

काही न टाकता मजकूर आखडतो कसा? भाषेत पुनरुक्ती असते म्हणून. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप करण्याचा सिद्धान्त मांडला आणि १९५१ मध्ये छापील इंग्रजीवर प्रयोग केले. वाचकाला मजकूर दाखवून पुढचे अक्षर ओळखायला सांगितले, तर तो बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. जे आधीच ओळखता येते, ते पाठवण्याची गरज तेवढी कमी. इंग्रजी मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग या अर्थाने अनुमानित असतो, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. मराठीतही ‘केल्यामु’ एवढे वाचल्यावर पुढे ‘ळे’ येणार हे आपल्याला कळते. विभक्तिप्रत्यय, सहायक क्रियापदे आणि शब्दयोगी अव्यये यांची पुनरावृत्ती हे आपल्या भाषेचे रचनावैशिष्ट्यच आहे.

कार्यालयीन मराठीत ही पुनरुक्ती कितीतरी दाट होते. गाव नमुना सात आणि बारा डोळ्यांसमोर आणा. गट क्रमांक व उपविभाग, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव, खाते क्रमांक, क्षेत्र, आकार, पोटखराबा, फेरफार, कुळाचे नाव, इतर अधिकार हे शब्द गुंजवणीच्या खोऱ्यातल्या उताऱ्यावर आहेत आणि भाटघर धरणाच्या काठच्या उताऱ्यावरही आहेत. बदलतात ती नावे आणि आकडे. मसुदा लिहिणाऱ्यांनी ‘पो. ख.’ आणि ‘फे. फा.’ असे संक्षेप करून हाताने जे साधले, ते यंत्राला सर्वत्र साधायचे असते.

१९७७ आणि १९७८ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोन इस्रायली शास्त्रज्ञांनी यासाठी जी रीत सुचवली, तिच्यावर पुढची बहुतेक यंत्रे उभी आहेत. यंत्र नुकताच गेलेला मजकूर स्मरणात ठेवते. या स्मरणाला आपण ‘खिडकी’ म्हणू. नवा मजकूर आला की त्यातला एखादा तुकडा खिडकीत आधीच आहे का, हे ते पाहते. असेल, तर तुकडा न पाठवता ‘इतके मागे जा, तेथून इतके उचल’ एवढाच निर्देश पाठवते. पलीकडच्या यंत्राजवळ तीच खिडकी असते; ते निर्देशानुसार मजकूर भरून काढते. ‘सा. न. वि. वि.’चा कोश आजोबांनी आयुष्यभरात शिकलेला होता. येथे दोन्ही यंत्रे तो चालता चालता, एकाच मजकुरातून, बरोबरीने शिकतात.

देवनागरीचे वजन

आता मूळ आरोपाकडे वळू. संगणकात इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीसाठी १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे इस्कीमध्ये, प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागत असे. आज सर्वत्र युनिकोड वापरतात आणि जाळ्यावर ते बहुधा यूटीएफ-८ या रूपात धावते. या रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘वेल्हे’ या शब्दात व, एकार, ल, हलन्त, ह, एकार अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून १८ बाइट. हाच शब्द रोमन अक्षरांत लिहिला तर पाच बाइट. आरोप खोटा नाही, असे येथपर्यंत म्हणावे लागेल.

पण त्या १८ बाइटांचे आकडे एकदा मांडून पाहा: २२४-१६४-१८१, २२४-१६५-१३५, २२४-१६४-१७८, २२४-१६५-१४१, २२४-१६४-१८५, २२४-१६५-१३५. प्रत्येक त्रिकुटाचा पहिला आकडा २२४ आहे. दुसरा १६४ किंवा १६५ आहे. तिसरे काही संभवतच नाही. संपूर्ण देवनागरी विभाग याच दोन घरांत बसलेला आहे. ज्याचा अंदाज आधीच करता येतो त्यात माहिती नाही, हा शॅनन यांचा नियम येथे लावा. तीन बाइटांपैकी पहिल्यात नवी माहिती जवळजवळ शून्य, दुसऱ्यात अगदी थोडी, आणि खरे काम तिसऱ्यात. ‘जड’ म्हटला जाणारा भाग म्हणजे प्रत्येक अक्षराबरोबर पुन्हा पुन्हा दाखवलेला ‘मी देवनागरी आहे’ हा परवाना आहे. संकोचन-यंत्र असा परवाना सर्वांत आधी ओळखते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘भोगवटादाराचे नाव’ या दोन शब्दांत १५ चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे ४६ बाइट आहेत. जाळ्यावरच्या यंत्रांत दीर्घकाळ रूढ असलेल्या एलझेडएस या पद्धतीत हे शब्द खिडकीत एकदा सापडले, की दुसऱ्यांदा त्यांच्यासाठी २९ बिटांचा निर्देश पुरतो. म्हणजे चार बाइटांहूनही कमी. याच अर्थाचे इंग्रजी शब्द असते तरी निर्देश जवळजवळ तेवढाच लागला असता. संकोचनानंतर लिपीलिपींतला भेद पुष्कळसा पुसला जातो. शिल्लक राहते ती माहिती, आणि माहिती दोन्ही भाषांत सारखीच आहे. ‘नावे इंग्रजीत भरा’ या आग्रहाला तांत्रिक आधार किती, ते यावरून ठरवावे. ‘पांगारे’ आणि ‘पानगरे’ यांतला भेद रोमन लिपीत हरवला की तो कोणत्याच यंत्राला परत आणता येत नाही, ही तोट्याची बाजू तर निराळीच.

यंत्र निवडताना

मात्र वरच्या हिशेबात ‘खिडकीत सापडले, की’ अशी अट होती. मराठी मजकुरासाठी यंत्र निवडणाऱ्याने याच अटीपाशी अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. एलझेडएसची खिडकी २,०४८ बाइटांची असते. इंग्रजी मजकुराची दोन हजारांवर अक्षरे, म्हणजे एक भरगच्च पान, तीत मावते. देवनागरीची चिन्हे मात्र सातशेच्या आसपासच मावतात. अर्धे पानही नाही. एक सातबारा संपून दुसरा सुरू होईपर्यंत पहिल्याचे रकाने खिडकीतून निघून गेलेले असतात, आणि यंत्र तेच शब्द पुन्हा नव्याने शिकते. झिप धारिकांमागील डिफ्लेट या पद्धतीत खिडकी ३२ किलोबाइटांची असते आणि तीत मराठीची दहा हजारांहून अधिक चिन्हे राहतात. शिवाय डिफ्लेटमध्ये हफमन यांची १९५२ ची युक्तीही जोडलेली आहे: जो आकडा वारंवार येतो त्याला आखूड संकेत द्यायचा. प्रत्येक त्रिकुटात येणारा २२४ तेथे फारच स्वस्तात जातो. तेव्हा विक्रेत्याच्या पत्रकावर ‘चारास एक’ असे प्रमाण छापलेले असले, तरी ‘खिडकी किती बाइटांची?’ हा प्रश्न आपण अवश्य विचारावा. ते प्रमाण बहुधा इंग्रजी मजकुरावर काढलेले असते.

हे काम वेगळ्या यंत्राने करावे की मार्गनियंत्रकाच्या, म्हणजे राउटरच्या, मुख्य प्रक्रियकावर सोपवावे? दर बाइटाला मागचा सारा मजकूर धुंडाळणे कष्टाचे आहे. ६४ केबीपीएसच्या जुन्या लाइनीवर साधा राउटर ते पेलत असे. लाइन २ एमबीपीएसची झाली की जुन्या राउटरची दमछाक होई, आणि संकोचन सुरू केल्यावर लाइन उलट मंदावल्याचा अनुभव येई. अशा ठिकाणी केवळ याच कामासाठी घडवलेली चिप असलेले यंत्र उपयोगी पडते. पण तिची क्षमता मोजताना एक चूक हमखास होते. लाइन २ एमबीपीएसची आहे, म्हणून २ एमबीपीएसचे यंत्र पुरेल, असे वाटते. मजकूर तिपटीने आखडणार असेल, तर लाइन भरून वाहण्यासाठी यंत्राला आत ६ एमबीपीएस गिळावे लागतील. दोन्ही दिशा धरल्या तर १२. यंत्राची क्षमता आतल्या बाजूने विचारावी.

दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी, हे सांगायला नको. कोश दोघांजवळ नसेल तर पत्र कोडे होते. पुण्याच्या टोकाचा विचार मात्र पुष्कळदा राहून जातो. भोरच्या यंत्राला एकच खिडकी सांभाळायची असते. पुण्याच्या यंत्राला भोरसाठी एक, वेल्ह्यासाठी दुसरी, अशी प्रत्येक तालुक्यासाठी स्वतंत्र खिडकी सांभाळावी लागते. पुणे जिल्ह्यात शहर धरून १४ तालुके आहेत. खिडकी मोठी आणि तालुके अनेक, म्हणजे मध्यवर्ती यंत्राची स्मृती त्या प्रमाणात हवी.

मग पावसाळ्याचा प्रश्न. मजकूर जाळ्यावरून पुडक्यांत जातो. एक पुडके साधारणपणे १,५०० बाइटांपर्यंतचे. काही यंत्रे पुडक्यांच्या सीमा ओलांडून खिडकी चालू ठेवतात. त्यांचे संकोचन चांगले होते. पण वाटेत एक पुडके हरवले की दोन्ही टोकांच्या खिडक्या जुळेनाशा होतात, आणि त्या पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या प्रकारची यंत्रे प्रत्येक पुडके स्वतंत्रपणे आखडतात. तेथे एक हरवले तर एकाचेच नुकसान. परंतु १,५०० बाइटांत देवनागरीची चिन्हे जेमतेम पाचशे, म्हणून शिकायला वाव फार थोडा. भोरच्या बऱ्यापैकी स्थिर तारेवर मी पहिला प्रकार निवडेन. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील, जोराच्या पावसात पुडकी गाळणाऱ्या बिनतारी दुव्यावर मोठ्या प्रमाणाचा मोह टाळून दुसरा प्रकार घ्यावा. एकाच निविदेत दोन्ही तालुक्यांना एकच यंत्र देणे कारकुनी दृष्ट्या सोयीचे असते. जमिनीला ते मानवत नाही.

आणि संकोचनाने अंतर कमी होत नाही. उपग्रहमार्गावरचा अर्धा सेकंद तसाच राहतो. रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा विलंब जर पुनःपुन्हा होणाऱ्या छोट्या प्रश्नोत्तरांमुळे होत असेल, तर कितीही चांगले संकोचन-यंत्र तो दूर करणार नाही.

जे आखडत नाही

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या खरेदी समितीवर मी होतो. दोन गावांतील शाखा भाड्याच्या बारीक लाइनीने जोडलेल्या होत्या आणि संकोचन-यंत्रांची जोडी घ्यायची होती. विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखवले. धारिका खरोखरच चतुर्थांशात गेली. आम्ही सह्या केल्या. यंत्रे बसल्यावर फरक शून्य. मग लक्षात आले की प्रात्यक्षिकाची धारिका म्हणजे एकच परिच्छेद शेकडो वेळा चिकटवलेला होता, आणि आमच्या लाइनीवरून प्रत्यक्षात जात होत्या त्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती. पुनरुक्तीवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने ‘आपल्या लाइनीवरून काय जाते?’ एवढे विचारायला हवे होते.

स्कॅन केलेली प्रत बहुधा आधीच आखडलेली असते. तिच्यात अंदाज करण्याजोगे काही उरलेले नसते, म्हणून दुसऱ्या यंत्राला तिच्यातून काही काढता येत नाही. एलझेडएससारख्या पद्धतीत न सापडलेल्या प्रत्येक बाइटाला नऊ बिट लागतात, म्हणजे अशी धारिका आठव्या हिश्शाने फुगते. शहाणी यंत्रे हे ओळखून ती न आखडता तशीच सोडतात. कूटबद्ध मजकुराचीही हीच गत. चांगले कूट म्हणजे पाहणाऱ्याला कोणतीही पुनरुक्ती न दिसणे. म्हणून क्रम असा हवा: आधी संकोचन, मग कूटबद्धीकरण. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सर्व्हरपासून वाचकापर्यंत कूटबद्ध होऊनच जातो. मधल्या वाटेवरच्या यंत्राला तो वाचताच येत नाही, तर आखडणार काय? त्यामुळे संकोचनाचे काम आता सर्व्हरकडे सरकले आहे. तेथे मजकूर कूटबद्ध होण्याआधी आखडला जातो. (यातही एक मेख आहे: आखडलेल्या मजकुराच्या लांबीवरून गुपिताचा अंदाज बांधता येतो, हे २०१२ मध्ये सिद्ध करून दाखवले गेले आणि २०१८ च्या टीएलएस १.३ या मानकातून अंगभूत संकोचन काढून टाकण्यात आले. तेव्हा काय आखडावे आणि काय नाही, हे ठरवणाऱ्याला आपला मजकूर ठाऊक हवा.)

तेव्हा आज भोर किंवा वेल्ह्याच्या एखाद्या संस्थेने मला विचारले, तर मी आधी आठवडाभर लाइनीवरून काय जाते याची नोंद ठेवायला सांगेन. बहुतांश वाहतूक कूटबद्ध किंवा चित्ररूप असेल, तर वेगळे यंत्र घेऊ नये. सर्व्हरवरील संकोचन चालू आहे का, एवढे तपासावे. प्रकाशतंतू पोचला असेल, तर रुंद वाटच स्वस्त पडेल. दोन शाखांमध्ये आपलाच खासगी, बारीक दुवा असेल आणि त्यावरून मराठी नोंदी, याद्या व अहवाल मजकुराच्या रूपात जात असतील, तरच यंत्राचे पैसे वसूल होतील. मग ते कूटबद्ध करणाऱ्या साधनाच्या अलीकडे बसवावे.

सर्वांत मोठी बचत मात्र यंत्राच्या आधीच होऊन जाते. माझ्याकडे येणाऱ्या स्वाध्यायांपैकी पुष्कळ मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांच्या रूपात येतात. एका पानाचे छायाचित्र सहज २ एमबी भरते. ६४ केबीपीएसच्या बारीक वाटेवरून ते पाठवायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेच पान युनिकोडमध्ये टंकलिखित केले तर साडेचार किलोबाइटांच्या आसपास होते, आणि कोणतेही संकोचन न करता अर्ध्या-पाऊण सेकंदात पोचते. तीन बाइटांचे देवनागरी अक्षर येथे ‘जड’ म्हणवत नाही. कार्यालयांत तर मराठी पत्र आधी टंकलिखित करतात, मग छापतात, मग सही करून स्कॅन करतात आणि ते चित्र पाठवतात. त्या चित्रात ना शोध घेता येतो, ना ते आखडते. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सहीसाठी मजकुराचे चित्र करण्याची गरज उरलेली नाही, हे त्या पद्धतीने दाखवून दिले आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत साठवलेला मजकूर एका बाइटाचा असल्याने हलका दिसतो; पण फाँट नसलेल्या संगणकावर तो रोमन चिन्हांचा कचरा होतो. कोश हरवलेले ते ‘सा. न. वि. वि.’ आहे.

क्षेत्रीय कार्य

आपल्या संगणकावर साध्या मजकुराची (नोटपॅडसारख्या साधनातील) एक धारिका तयार करा आणि ती यूटीएफ-८ मध्ये जतन करा. शब्दसंस्कारकाची धारिका घेऊ नका. ती आतून आधीच झिप केलेली असते. तीत आपल्या कामातील किमान दहा पाने मराठी मजकूर असावा. एकच पान दहा वेळा चिकटवू नये, त्याचे कारण वर आले आहे. तेवढ्याच मजकुराची इंग्रजी धारिका आणि एका पानाचे छायाचित्र जवळ ठेवा. तिन्ही स्वतंत्रपणे झिप करून आधीचा व नंतरचा आकार बाइटांत नोंदवा. मराठी धारिका मूळच्या किती पट आखडली आणि इंग्रजी किती पट, झिप झाल्यावर दोहोंतील अंतर किती उरले, आणि छायाचित्राचे काय झाले, यांवर एक पान टिपण लिहावे. ते टिपण टंकलिखित असावे. आकड्यांची वही संपर्कसत्राला येताना सोबत आणावी. निरनिराळ्या कार्यालयांतील मजकुराचे आकडे आपण तेथे एकत्र मांडून पाहू.